बारवेत चुना एकदाच

चकलांबा,
चैत्र वद्य पंचमी, शके १८४६

पाटोदा मुक्कामी मोहनराव साडूभाऊ यांना उत्तरेश्वरचा नमस्कार. साखराअक्कांनाही सांगावा.

आम्ही दोघं सुखरूप पोचलो. गाडीत बायडाबाईला ऊन लागलं, आल्यावर पडून होती, आता बरी आहे. तुमच्या साखराअक्काला काळजी नको म्हणावं. राहायला देवळामागची खोली मिळाली. गाव काळ्या जमिनीचं आहे, ज्वारी आणि कापूस. माळावर धनगरांची वस्ती आहे. पाण्याला सगळ्यांची मिळून एकच बारव, खोल, पायऱ्या थेट पाण्यात उतरणारी.

नारूचं तुमच्याकडंही असंच असेल. इथं घरटी एक माणूस बाजेवर आहे. कुणाच्या घोट्यातून, कुणाच्या पोटरीतून तो पांढरा दोरा लोंबतो. काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढतात. तुटला की पाय सुजतो आणि माणूस पेरणीला उठत नाही. कुणी देवाधर्माचं बोलत नाही, कोप-बिप काही म्हणत नाही. उन्हाळा आला की नारू येतो, एवढंच म्हणतात.

नेमणुकीआधी बीडला साहेबांनी आपल्याला शिकवलं तसं मी चावडीत सांगितलं. नारू झालेला माणूस पाणी भरायला पायऱ्या उतरतो, पाय बुडवतो. जखमेतून नारूची पिलं पाण्यात पडतात. पाण्यातले बारीक किडे त्या पिलांना खातात आणि ते किडे आपण पितो. मग वर्षभर काही कळत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाय फुटतो. गहिनीनाथ म्हणून धनगर आहे, तो म्हणाला, "म्हंजी गेल्या सालचं पानी यंदा पायातून निघतंय म्हना की." मी म्हटलं, तसंच.

हुकुमाप्रमाणं बारवेत चुना टाकला. पाणी काही दिवस पांढरं राहिलं, मग निवळलं. इथल्या बायका घागरीच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळतात. तेही हुकुमाप्रमाणंच बंद करायला सांगितलं, कारण गाळलं तर गुण चुन्याचा की फडक्याचा हे बीडच्या सदर कचेरीला कळायचं नाही. शेजारच्या छबुबाईला ते पटेना. म्हणाली, "माझी सासू गाळायची, मी गाळते. तुमी कोन सांगनार?" तेव्हा मी तिच्यासमोर पायरीवर बसून ओंजळीनं पाणी प्यालो. बायडाबाईही प्याली. मग छबुबाईनं फडकं सोडलं आणि तिचं बघून बाकीच्या बायकांनी.

किडे बघायचं भिंग मला मिळालं नाही. तुम्हाला आणि वडवणी केंद्राच्या माणसाला मिळालं म्हणतात.

एका केंद्रानं दुसऱ्याला कामाचं काही लिहू नये असं बजावलेलं आहे, ते आत्ता आठवलं. लिहून झालंय, राहू द्या.

उत्तरेश्वर

*

पाटोदा,
वैशाख शुद्ध तृतीया, शके १८४६

उत्तरेश्वर,

तुमचं पत्र वाचलं आणि फाडून टाकलं. राग मानू नका. पुन्हा कामाचं लिहू नका आणि मलाही विचारू नका. मला काय दिसतं ते तुम्हाला कळलं की तुम्हालाही तेच दिसायला लागेल, असं साहेब म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे. आपण आपलं पाहिलेलं वर कळवावं. वर सगळं एकत्र होतं आणि तिथून ज्याला जे लागेल ते मिळतं. खात्याचा एवढा महकमा त्यासाठीच तर उभा केला आहे. मी पंधरा वर्षं सरकारी नोकरीत आहे. तुमची ही पहिलीच आहे.

घरचं लिहितो. साखराबाईची तब्येत ठीक. म्हशीला पारडी झाली. दूध बरं देते. बाजाराच्या दिवशी साखराबाईनं बायडाबाईसाठी चोळीचं कापड घेतलं आहे, कुणी तिकडं येणारं असलं की पाठवते. बायडाबाईला उन्हात फार हिंडू देऊ नका.

मोहनराव

*

पाटोदा,
कार्तिक वद्य प्रतिपदा, शके १८४६

उत्तरेश्वर,

दिवाळीला तुम्ही दोघं येणार म्हणून साखराबाई वाट बघत होती. तुमच्याकडची नदी उतरली नाही हे नंतर कळलं. पुढच्या सणाला तरी या.

पाऊस यंदा बरा झाला. मी मात्र थकलो आहे. उन्हाळाभर त्या चुन्यानं हात सोलवटून निघाले. दर महिन्याला चुनखडी भाजून घ्यायची, पोती वाहायची, पायऱ्या उतरून सगळीकडं सारखं मिसळायचं. मजूर एक महिना येतात, दुसऱ्या महिन्याला तोंड चुकवतात. तुमच्या बारवेला पायऱ्या जास्त, तुमचे तर हाल झाले असतील. रात्री हाताला तूप लावून झोपत जा, साखराबाई मला तेच लावते.

सासऱ्यांचं दुखणं हटत नाही. बायडाबाईला एकदा भेटवून आणा.

मोहनराव

*

चकलांबा,
कार्तिक वद्य नवमी, शके १८४६

मोहनराव,

दर महिन्याला म्हणजे काय?

मी चैत्रात एकदाच चुना टाकला. मला हुकूम एकदाचाच होता. नंतर काही आलं नाही. रागवलात तरी चालेल, पण ह्याचं उत्तर लिहा, आणि लवकर लिहा. पत्र आणणारा तिथंच थांबेल.

उत्तरेश्वर

*

पाटोदा,
कार्तिक वद्य द्वादशी, शके १८४६

उत्तरेश्वर,

तुमचा माणूस ओट्यावर बसला आहे. साखराबाईनं त्याला जेवायला वाढलं आहे.

वैशाखाच्या शेवटी मी भिंगातून पाणी पाहिलं. चुना टाकल्यावर गेलेले किडे परत आले होते, पूर्वीइतकेच. मी लगेच सदरला कळवलं. उत्तर आलं की आपली कैफियत पोचली, आपल्या केंद्रावर उन्हाळाभर दर महिन्याला चुना टाकत जावा. मी टाकत गेलो. हाच हुकूम तिन्ही केंद्रांना गेला असणार हे मी गृहीत धरलं. दुसरं काही असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मनात आलं असतं तर लिहिलं असतं की नसतं, हे मी आता सांगू शकत नाही.

एक शक्यता आहे. एकदाच चुना टाकून काय होतं हे बघायला तुमची बारव मुद्दाम तशी ठेवली असेल. तसं असेल तर तुम्हाला सांगणार नाहीत.

तुम्ही दोघं आजपासून पाणी गाळून प्या. गावात लगेच काही बोलू नका. कदाचित काही झालंही नसेल. आधी सदरला जाऊन विचारा.

मोहनराव

*

चकलांबा,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १८४६

मोहनराव,

बीडला जाऊन आलो. तुमच्याशिवाय हे ज्याला सांगता येईल असं माणूस नाही, म्हणून लांबण लावतो.

आधी शिरस्तेदार भेटले. सभ्य माणूस. त्यांनी तिन्ही केंद्रांची दप्तरं काढून दाखवली, तीन रंगांच्या फितींनी बांधलेली. तुमची कैफियत होती. वडवणीच्या माणसानंही तेच कळवलेलं होतं, तुमच्या आधी. मी विचारलं, मग मला का कळवलं नाही? ते म्हणाले, "ज्या केंद्रानं विचारलं त्या केंद्राला उत्तर गेलं. आपल्याकडून तसं काही कळवण्यात आलं नाही." मी म्हणालो, माझ्याकडं भिंगच नव्हतं, मी काय कळवणार. ते म्हणाले, "भिंगाची मागणीही आपण केली नाही."

मग साहेबांनी आत बोलावलं. तुम्ही म्हणता तसं मुद्दाम काही ठेवलेलं नव्हतं. ते मला म्हणाले, तिन्ही दप्तरं तीन वर्षांनी एकत्र वाचायची असं ठरलं होतं, मधे कुणी एकमेकांशेजारी ठेवून पाहिलीच नाहीत. पुढं म्हणाले, "पण गावात बायका पाणी गाळत असतीलच ना?" मी म्हणालो, गाळत होत्या, आपल्या हुकुमानं मी बंद केलं. मग म्हणाले, आता गावात हे बोलू नका. पुढच्या उन्हाळ्यात किती जणांना निघतो ते नीट मोजून कळवा. एकदाच चुना टाकल्याचा परिणाम अनायासे कळेल.

मी बरं म्हणालो. परत येताना गाडीवान काहीबाही बोलत होता, मला एक शब्द आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीत लोकांना बोलावलं आणि सांगितलं. जसं झालं तसं. चुन्याचा गुण महिन्याभरात गेला होता, हे दुसऱ्या गावांत कळलं होतं, माझ्यापर्यंत आलं नाही, आणि मी तुमची फडकी सोडवली.

कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला उभं राहायला सोपं गेलं असतं. गहिनीनाथ म्हणाला, "मंग आता आमच्या पायात हाय का न्हाई?"

"आत्ता कळत नाही. उन्हाळ्यात कळंल."

"आन् औषीद?"

"नाही."

छबुबाई मागं उभी होती. ती म्हणाली, "मंग सांगितलं कावून? न सांगता तरी चार म्हैने सुखाचे गेले आस्ते."

मी म्हणालो, ज्यांना निघंल त्यांनी येत्या उन्हाळ्यात बारवेत पाय घालायचा नाही. तेवढ्यासाठी सांगितलं. तुमचं येत्या उन्हाळ्याचं चुकत नाही, पण त्याच्या पुढच्या सालचं चुकवता येईल. वरून दोरानं पाणी काढू, सगळे गाळू, मी दर महिन्याला चुना टाकीन.

लोक उठून गेले. गहिनीनाथ बसून राहिला. मग म्हणाला, "पायऱ्यावर बाभळीच्या काट्याचे फास टाकू. बाया ऐकतीन, गडी न्हाई ऐकनार. काटं आसलं म्हंजी ऐकतीन." आणि तोही गेला.

हे सदरला कळेलच. तुम्ही मला समजावू नका.

उत्तरेश्वर

*

चकलांबा,
चैत्र वद्य अष्टमी, शके १८४७

साखराआक्काला बायडाचा दंडवत.

आक्का, म्या सांगते आन् हे लिहित्यात. म्या यांना आधीच सांगितलंय, मी बोलंन तसंच लिहायचं, मधलं काय गाळायचं न्हाई.

मला नारू निघला. डाव्या पायाला, घोट्याच्या वर. आधी आग आग व्हती, फोड आला, फुटला. आता काडीला गुंडाळलाय. रोज हेच बसून ओढत्यात, करंगळीच्या पेराएवढा. हात लई हळू चालतो यांचा. तोंडानं मातर काय बोलत न्हाईत. म्या म्हनलं, दुखंना मला, तुमी बोला काहीतरी. तर मान हालवली. यांना सोताला न्हाई निघला, आक्का. दोघं एकाच वंजळीनं प्यालो. यांना न्हाई. त्येचंच यांना वाटतंय.

लिहायचे थांबलेत. लिहा म्हनलं.

गावात लई जनाला निघलाय. गेल्या सालापरीस कमी न्हाई. गहिनीनाथाला दोन्ही पायांना निघलाय. मेंढरं पोरावर सोडून दिली आन् बारवेच्या तोंडाला येऊन बसलाय, काटं घालून. वर लाकडं आडवी टाकून चाक बसवलंय, तिथून पोहऱ्यानं पानी काढायचं. लंगडं मानूस दिसलं की काठी आडवी धरतो. "खाली उतरू नको बे, वर दे घागर, म्या भरून देतो." सवता लंगडा, बसल्या बसल्या दोर ओढतो. लोक त्येला शिव्या देत्यात, उशीर लागतो म्हनून. तो दोर ओढीतच ऱ्हातो.

छबुबाई गेली. तिचा नारू पायातच तुटला. ज्वारी काढायला गेलती, वाकता वाकता धसकटात आडकून तुटला. मंग पाय मांडीपस्तोर सुजला, अंग ताठलं, दातखीळ बसली. आमी दोघंबी तितं व्हतो. तिनं यांच्याकडं बघितलं आन् मान फिरवली. दात बसायच्या आधीची गोष्ट सांगते. तव्हा बोलता येत व्हतं तिला. बोलली न्हाई.

ह्ये बी लिहा.

आक्का, चोळीचं कापड भेटलं. रंग चांगला हाय. दादांना सांग, म्या बरी हाय. पायाचं सांगू नको, तेंचं दुखनं हाय, जिवाला लावून घेतीन. तुमच्या मोहनरावांना म्हनावं यांना पत्र धाडा. कामाचं धाडा, घरचं नको. घरचं हे वाचतच न्हाईत.

बायडा

(वरचं तिच्या सांगण्याप्रमाणं लिहिलं आहे. उ.)

*

पाटोदा,
ज्येष्ठ शुद्ध षष्ठी, शके १८४७

उत्तरेश्वर,

बायडाबाईचं पत्र मी साखराबाईला वाचून दाखवलं. पूर्ण वाचलं. ती चुलीपुढं बसून होती, ऐकून झाल्यावर तिनं भाकरी थापायला घेतली. बायडाबाईला पाठवा म्हणते, पाय बरा होईपर्यंत इथं राहू द्या. तुम्हाला जमेल तसं करा.

पाटोद्यात यंदा नारू अगदी थोडा निघाला. गावानं मला शेला दिला. मी तो घेतला, न घेण्याचं कारण त्यांना सांगता आलं नसतं.

मला सदरला बोलावणं होतं. तुमचं केंद्र बंद करायचं ठरलं आहे, हुकूम तुमच्याकडं येईल. तुम्हालाही मोकळं केलं आहे. गावाला सांगितल्यामुळं तिथले आकडे भरवशाचे राहिले नाहीत, म्हणून ते अहवालात धरायचे नाहीत. पाटोदा आणि वडवणी धरून चुना गुणकारी ठरला आहे. मी म्हणालो, चकलांब्याचे आकडे घातले तरच चुना किती दिवस टिकतो ते कुणाला तरी कळेल. साहेब म्हणाले, तुमचं म्हणणं लेखी द्या. दिलं. ते माझ्या दप्तरात बांधलं, पाटोद्याच्या.

तिथून घरी न येता मी वडवणीला गेलो. तिथल्या केंद्रावर राधाकिशन म्हणून माणूस आहे, माझ्याच वयाचा. सव्वा वर्ष आम्ही दोघं एकच काम करत होतो आणि त्याचं नाव मला माहीत नव्हतं. त्याला तुमचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, चुना संध्याकाळी टाकावा, पाणी रात्रभर कुणी हलवत नाही, मग तो तळापर्यंत बसतो. हे मला सुचलं नव्हतं. त्यानं वर्षापूर्वीच वर कळवलं होतं.

चुना कसा भाजायचा, किती पाण्याला किती, आणि राधाकिशनचं ते संध्याकाळचं, हे सगळं सोबतच्या कागदांवर लिहिलं आहे. फडकं दुहेरी घ्या, जुन्या लुगड्याचं, नवं विरळ असतं. हुकूम मोडून लिहितो आहे हे माझ्या ध्यानात आहे. इथून पुढं दर बाजाराच्या दिवशी लिहीन.

मोहनराव

*

चकलांबा,
ज्येष्ठ वद्य चतुर्थी, शके १८४८

मोहनराव,

वर्षभर तुमची पत्रं येत राहिली आणि मी मोजकीच उत्तरं दिली. कागद मात्र सगळे वापरले. चुना संध्याकाळीच टाकतो.

मी गाव सोडलं नाही, ते तुम्ही बायडाबाईकडून ऐकलंच. केंद्र बंद झालं तेव्हा खोलीही सोडावी लागली. आता छबुबाईच्या घराशेजारी छप्पर घातलं आहे. तिचा नवरा रामकिसन, त्याला शेतात माणूस लागतो, त्याच्याकडं कामाला जातो. पहिल्या दिवशी मी बांधावर जाऊन उभा राहिलो. त्यानं विचारलं, "औत धरता येतं का?" मी म्हटलं, लहानपणी धरायचो. "मंग धरा." तेव्हापासून धरतो आहे. बैलाचं, बियाण्याचं, आभाळाचं बोलणं होतं. दुपारी तो आपली भाकर मोडून अर्धी माझ्याकडं सरकवतो. छबुबाईचं नाव तो काढत नाही. मीही काढत नाही. मला काही वाटतं का, असं बायडाबाईनं एकदा विचारलं. मी मनात शोधलं आणि तिला सांगितलं, नाही वाटत. ते खरं होतं.

बायडाबाईचा पाय भरून आला. टाच टेकत नाही, चवड्यावर चालते. पाणी तीच काढते, मला काढू देत नाही.

बारवेच्या पायऱ्यांवर आता कुणी उतरत नाही. काटे काढून टाकले तरी उतरत नाहीत. गहिनीनाथ मेंढरांकडं परत गेला. जाताना मी त्याला म्हणालो, तुमच्यामुळं झालं. तो म्हणाला, "आपल्याच बारवेवर बसलतो, कुनाच्या?"

चैत्र गेला, वैशाख गेला. मी रोज सकाळी दारोदार जाऊन विचारायचो, कुणी फोड दाखवतं का. सुरुवातीला लोक चिडायचे, मग मी दिसलो की आपणच पाय पुढं करून दाखवायला लागले. धनगरवाड्यातही गेलो. काल शेवटचं घर झालं. आता पेरण्या सुरू होतील, इथून पुढं निघत नाही.

या साली चकलांब्यात नारू एकालाही निघाला नाही.

हे सदरला कळवायला गेलो तर चकलांब्याचं दप्तर राहिलेलं नाही, घेणार कुणी नाही. म्हणून तुम्हाला कळवतो. राधाकिशनलाही वेगळं लिहिलं आहे. तुमच्या दोघांच्या ओळखीत आणखी कुठल्या गावात हे काम करणारं कुणी असलं, तर त्याचं नाव पाठवा, त्यालाही लिहीन.

उत्तरेश्वर